नव्या तांदळाचं आधण

खळ्यावर झोडणी सुरू झाली की माझ्या पोटात दुखायला लागतं. हे काही औषधपाण्याचं दुखणं नव्हे. बारा वर्षं झाली, दर सुगीला येतं आणि भात कणगीत पडलं की आपोआप जातं. घरात कुणाला मी ते सांगितलेलं नाही. सांगणार तरी काय? माझी धाकटी जाऊ सुंदरा चुलीपुढं बसून नव्या तांदळाचं आधण ठेवते आणि ते बघून माझा जीव जळतो, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

कार्तिक सरत आला की आमच्या कोळवणच्या खोऱ्यात उन्हं वर येईस्तोवर धुकं हलत नाही. नदीकाठची खाचरं कापून मोकळी झालेली असतात, बांधाबांधावर भारे पडलेले असतात, आणि सकाळी अनवाणी निघालं तर दंवानं भिजलेली धसकटं तळपायाला टोचतात. खळ्यावरून झोडपण्याचा आवाज येत राहतो, एकाचा थांबला की दुसऱ्याचा. अंगाला तूस चिकटतं ते आंघोळीनंही धड जात नाही. पण नव्या आंबेमोहोराचा वास असा, की तुसाची खाज विसरायला होते. तो शिजायला लागला की आधी शेजारणीला कळतं, मग घरातल्यांना. त्या वासावर कुणीही खूश व्हावं. मला मात्र तो आला की सुंदरा आठवते, आणि ती तर समोरच बसलेली असते.

आता ती मोठी बाई झाली आहे. कूळ-हक्क मंडळाच्या बायकांच्या शाखेची ती पुढारी. ताम्हिणीपासून भऱ्यापर्यंत तिला ओळखतात. पदर खोचून सभेत उभी राहिली की माणसं विड्या विझवून ऐकतात. अक्षर म्हणून तिला येत नाही. तिची भाषणं मी लिहिते. म्हणजे ती सांगते, मी कागदावर घेते, दोनदा वाचून दाखवते, ती पाठ करते. आणि एवढं करून सभेत जाऊन भलतंच बोलते, आणि ते माझ्या कागदापेक्षा चांगलं असतं. यावर माणसानं काय करावं?

हे दुखणं सुरू झालं त्या वर्षी अजून मुंबई राज्य होतं. कसणाऱ्याला जमीन मिळणार असा कायदा आला होता, पण कायदा पुस्तकात आणि आम्ही चिखलात. नदीकाठची दोन खाचरं माझ्या सासऱ्यांच्या बापापासून आमचं घर कसत आलेलं. जमिनीचे मालक राहायचे पुण्यात. त्यांनी पौडच्या कचेरीत लिहून दिलं, की ही माणसं कुळं नव्हेतच, आम्ही रोजानं लावलेले गडी आहेत. खोऱ्यातल्या पुष्कळ घरांचं असंच झालं होतं. सुनावणी पौषात होती, आणि वकील दिल्याशिवाय तिथं आमचं कुणी ऐकून घेणार नव्हतं. ती दोन खाचरं गेली असती तर आमच्याकडे खळं राहिलं असतं, खळ्यावर टाकायला काही राहिलं नसतं. मंडळ आमच्या बाजूनं उभं होतं. पण मंडळाकडे तरी होतं काय, एक सायकल, एक कर्णा आणि विमलताई.

विमलताई पुण्याच्या. जाडंभरडं पातळ, जाड चष्मा, पायात पुरुषी चपला. एस.टी.नं पौडला उतरायच्या आणि तिथून तंगडतोड करत यायच्या. पहिल्यांदा आमच्या ओसरीवर टेकल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "इथं कुणाला लिहिता-वाचता येतं?" मी सात इयत्ता शिकलेली. सगळ्या घरानं माझ्याकडं बोट दाखवलं, आणि खरं सांगते, तसा दिवस माझ्या आयुष्यात लग्नाचासुद्धा नव्हता. तीन महिने मी मंडळाचे अर्ज लिहिले. कुणाचं खाचर कुठलं, किती पिढ्या कसतात, साक्षीला कोण. बोटांना शाई लागायची ती मी मुद्दाम नीट धूत नसे, पाणवठ्यावर बायकांना दिसावी म्हणून. ताई म्हणायच्या, "यमुनाबाई, तुमचं अक्षर अगदी मोत्यासारखं." मी वरवर "इश्श, काहीतरीच" म्हणायचे आणि दिवसभर तेच घोळवत बसायचे.

सुंदरा त्याच वर्षी वैशाखात लग्न होऊन आमच्या घरात आली. माहेर ताम्हिणीचं. तिकडं पाऊस असा, की चार महिने डोक्यावरचं इरलं उतरत नाही, आणि शेत म्हणजे उतारावरचा तुकडा. तांदूळ पिकतो तो जाडा, तांबडा, आणि तोही पेजेत जातो. सुंदरा स्वतः ठेंगणी, सावळी, दात जरा पुढं, हसताना तोंडावर पदर धरायची. सुरुवातीला मला तिचं कौतुक होतं. म्हणजे आपल्यापेक्षा कमी असलेल्याचं असतं, तसं.

एका सभेत ताई सातबाऱ्याचा उतारा हातात धरून समजावत होत्या, मालकाचं नाव कुठं असतं, कसणाऱ्याचं कुठं. बायका मागं भिंतीला टेकून बसल्या होत्या. सुंदरा मधेच म्हणाली, "ताई, लावणी आमी करतो, बेणणी आमी करतो, कापणीला आमीच. त्या कागदावर आमचं नाव कुटं आसतं?"

पुरुष हसले. ताई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला आणि सुंदराला पुढं बोलावून आपल्या शेजारी बसवलं. त्या दिवसापासून ताईंचं आमच्या घरी येणं म्हणजे सुंदराकडे येणं झालं. जेवायला बसल्या की हाताला धरून तिला आपल्याच ताटात बसवायच्या. एका ताटात. मी तीन महिने त्यांचे कागद लिहिले होते, पण मी काय जेवते, कधी जेवते, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मी वाढत असायचे आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत असायचा.

सगळ्यात जास्त काय झोंबलं सांगू? तो प्रश्न मला पडायला हवा होता. ढिगानं उतारे मी माझ्या हातानं नकलून काढले होते. एकावरही बाईचं नाव नव्हतं, आणि ते माझ्या ध्यानातसुद्धा आलं नव्हतं. सात इयत्ता शिकून मला दिसलं नाही ते हिला भिंतीला टेकून दिसलं.

वकिलासाठी पैसा उभा करायचा म्हणून ताईंच्या डोक्यात एक बेत आला. पुण्यातल्या मंडळाच्या हितचिंतकांना गावात जेवायला बोलवायचं. नव्या आंबेमोहोराचं जेवण, खळ्यावर पंगत मांडून. तिकिटं ताईंनी पुण्यात खपवायची, रांधायचं आम्ही, आणि जेवता जेवता त्यांनी आमची गाऱ्हाणी ऐकायची. गावाला बेत आवडला. पण आमच्याकडं नवा तांदूळ असा कुणीही उठून शिजवत नाही. आधी देवाचा नैवेद्य, आणि तो भात घरातल्या थोरल्या बाईच्या हातचा. ती आधण ठेवते, तीच उतरवते, मधे दुसरीनं पातेल्यापाशी जायचं नाही, झाकण उचलून बघायचं नाही. मग बाकीच्यांनी नवं खायचं. बरीच चर्चा होऊन ठरलं, की या वर्षी घरोघर नवं करायचं नाही, सगळ्या गावाचं नवं त्याच दिवशी, एकाच चुलीवर, आमच्या खळ्यात.

आमच्या खळ्यात म्हणजे चूल आमच्या घराची. सासूबाई त्याच उन्हाळ्यात गेल्या होत्या, म्हणजे घरातली थोरली मी. माहेरी माझ्या हातच्या भाताचं नाव होतं, शीत न् शीत सुटं. सासरी ते दाखवायची संधी कधी आलीच नव्हती, नव्याचं पातेलं सासूबाईंनी शेवटपर्यंत सोडलं नाही. आता सगळ्या गावाचं, वर पुण्याच्या माणसांचं नवं माझ्या हातचं होणार होतं. मी मनातल्या मनात पातेलं चढवलंसुद्धा.

आणि भर सभेत ताई म्हणाल्या, "भाताचं सुंदरा बघेल. यमुनाबाई, तुम्ही निवेदन वाचा. तुमच्याइतकं स्वच्छ वाचणारं इथं आहे कोण?"

एक म्हातारी पुटपुटली, "थोरलीचा मान हाय त्यो."

"मान कसला आजी, काम आहे ते," ताई म्हणाल्या. सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन मात्र मी गाईचं शेण काढता काढता रडले. काम म्हणे. लिहिणं मान आणि भात काम, हे ताईंच्या पुण्यात असेल. आमच्याकडं उलटं होतं, आणि ते त्यांना समजावून सांगण्याइतकी लाज मला सोडता आली नाही.

जेवणाच्या दिवशी सकाळी धुक्यातच खळ्याच्या कडेला चर खणून त्यावर पातेली चढली. कुणी पावट्याची आमटी करत होतं, कुणी खुरासणीची चटणी कुटत होतं, कातकरवाडीच्या बायका पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण घेऊन आल्या होत्या. मी गोठ्याच्या आडोशाला उभी राहून निवेदन पाठ करत होते. सुंदरा तिथं आली. कपाळावर घाम, नऊवारीला राखेचे हात पुसलेले.

"बाई, आधण किती ठिवू? आमच्यात पेजच करत्यात. मोकळा भात मला तेवढा जमत न्हाई. आन हा तांदूळ तर नवा हाय."

नव्या तांदळाला पाणी बेतानं लागतं. जुन्याइतकं घातलं की त्याचा चिखल होतो. आमच्या खोऱ्यात हे लहान पोरीलासुद्धा ठाऊक असतं. "कमी ठेव" एवढे दोनच शब्द मला बोलायचे होते. मी तिच्याकडं बघितलं. ताईंनी तिला आपली शाल दिली होती, ती तिनं कमरेला गुंडाळली होती.

"जुन्याला ठिवतीस तेवढंच ठेव," मी म्हणाले. "दुप्पट."

"बरं झालं इचारलं," म्हणाली आणि गेली. मी पुन्हा कागदात डोकं घातलं.

पाहुणे पौडपासून बैलगाड्यांनी आले. पांढरी धोतरं, रेशमी काठ, एकाच्या गळ्यात कॅमेरा. गवताच्या पेंढ्यांवर बसताना त्यांची मोठी मजा चालली होती. मी निवेदन वाचायला उभी राहिले. आवाज चांगला लागला होता. वाचता वाचता आमच्या घराचं नाव आलं, नदीकाठची दोन खाचरं आली, तीन पिढ्या आल्या, आणि तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. ही माणसं उपाशी, नाराज होऊन परत गेली तर वकील नाही. वकील नाही तर ही खाचरं नाहीत, जी मी आता तोंडानं वाचते आहे. सुंदराची खोड मोडायला निघाले होते मी, आणि स्वतःच्याच पोरांच्या ताटात माती कालवून बसले होते. त्या सकाळी मला सुंदरापलीकडे काही दिसतच नव्हतं, दुसरं कारण नाही. माझा आवाज फाटला. पुण्याच्या बायकांना वाटलं मला गहिवरून आलं. एकीनं तर डोळेही टिपले.

झाकण निघालं तेव्हा चुलीपाशी जमलेल्या बायका माना वाकवून पातेल्यात बघायला लागल्या. माझे मालक, म्हणजे यजमान, माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "भाताचा पार चिखल झालाय. तिकीट काढून आल्यात लोकं. आता वाढायचं काय ह्यांस्नी?" मी त्या वेळी देवाला काय काय कबूल केलं ते आठवत नाही, फेडलं मात्र त्यातलं काही नाही.

सुंदरानं डाव घालून भात वर-खाली केला, चिमटीत दाबून बघितला. मग म्हणाली, "पत्रावळी ठिवा बाजूला. द्रोण घ्या. आन दोन घागरी कढत पाणी हाना." चिखलात तिनं आणखी पाणी ओतलं, मीठ घातलं, घोटून घोटून सरसरीत केला. द्रोणाद्रोणात ओगराळ्यानं वाढला, वर तुपाची धार, शेजारी चटणी. पंगतीसमोर उभी राहिली आणि तोंडावर पदर न धरता म्हणाली, "आमच्या ताम्हिणीकडं नवं आसंच खात्यात. आधी जरा प्यायचं, मग खायचं. गार हुयाच्या आत."

पाहुण्यांनी आधी एकमेकांकडं बघितलं. मग एका पांढऱ्या मिशांच्या गृहस्थांनी द्रोण तोंडाला लावला आणि फुंकत फुंकत निम्मा संपवला. मग म्हणाले, "तापातून उठलो की आई असा भात द्यायची. पण हा वास नव्हता त्याला." झालं. सगळी पंगत ओरपायला लागली. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा मागितला. तिकिटावर कुणी थांबलं नाही, निघताना ज्याच्या हाताला जे आलं ते तो देऊन गेला. वकील उभा राहिला, पौषात सुनावणी झाली, आणि नदीकाठची दोन खाचरं आमची झाली. इथं खरं म्हणजे मी समाधानानं थांबायला हवं.

पण ताईंनी सुंदराला मिठी मारली आणि विचारलं, "हे तू आधीच ठरवलं होतंस का गं?" मी चार पावलांवर, हातात निवेदनाची सुरळी. आता ती माझं नाव सांगणार. सांगू दे, असंच वाटत होतं मला. निदान फिट्टंफाट तरी झाली असती.

"न्हाई वो ताई," सुंदरा म्हणाली. "माझ्याच हातनं पाणी जास्ती पडलं."

बघा, म्हणजे चांगुलपणातही तीच वरचढ. त्या रात्री मला झोप लागली नाही, ती पश्चात्तापानं असं लिहिलं तर चांगलं दिसेल. पण ते खरं नाही.

तेव्हापासून दर वर्षी मंडळाचं नव्याचं जेवण होतं, आणि पुण्याची माणसं मागतात तो "सुंदराबाईंचा भात". मुद्दाम दुप्पट आधण ठेवतात. दर वर्षी ते माझं खोटं चवीनं खातात आणि नाव तिचं घेतात. घरातही तेच. सुगी आली, मी पातेल्याला हात घातला, की लगेच येते, "ऱ्हाऊ द्या बाई, नव्याचं मी बघते." थोरली मी, आणि बारा वर्षांत एकदाही नव्याचं आधण माझ्या हातचं नाही. हसत हसत माझा मान लुबाडते, असं मी मनात म्हणायचे आणि पावट्याच्या शेंगा सोलत बसायचे.

परवा ताईंचं पत्र आलं. त्यांचेही केस पिकले आता. यंदा जेवणाच्या आधी सुंदरानं बोलायचं, तो पहिला भात कसा झाला ते सगळ्यांना सांगायचं. दुपारी सुंदरा चुलीपुढं सुपात नवा तांदूळ पाखडत बसली होती. मी टाक आणि कागद घेऊन बसले.

"लिवा," ती म्हणाली. "मी तवा नवी हुते. माझ्या हातनं पाणी जास्ती पडलं."

माझा टाक चालेना. बारा वर्षं ते वाक्य मी कानानं ऐकलं होतं, हातानं लिहायची वेळ आली नव्हती.

"सुंदरा, हे खोटं हाय. आधण तू मला इचारलं हुतंस."

तिनं सूप थांबवलं नाही. "आसू द्या की. त्ये कशाला लिवायचं?"

"का न्हाई लिवायचं?"

"आवं, समद्यांनाच समदं येतं व्हय? तुमचं ध्यान शाळंत, कागदात. नव्या तांदळातलं तुमाला कुटून कळणार? मला त्या दिशी झाकण उघाडल्यावरच कळलं, बाईंना ह्यातलं ठाव न्हाई. लई वंगाळ वाटलं. एवढ्या शिकल्यासवरल्या तुमी, चारचौघांत फजिती नगं म्हून म्हनलं, माझ्याच हातनं झालं. आन म्हून तर घरात कवा नव्याला हात लावू दिला न्हाई तुमास्नी. कुनी पावणा आसला, पुन्ना तसंच झालं, तर काय घ्या."

ती अगदी मायेनं बोलत होती. मी तिचे पाय धरायला हवे होते. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे बारा वर्षं ही माझी कीव करत होती. माझ्या माहेरी ज्या भाताचं नाव निघायचं, तो मला येत नाही असं ही धरून चालली होती, आणि ते झाकत होती. जे बारा वर्षांत माझ्या तोंडून निघालं नाही ते त्या एका गोष्टीनं निघालं.

"मला येतं," मी म्हणाले. "नव्याला पाणी कमी लागतं, मला लगनाआधीपासनं ठाव हाय. मी तुला मुद्दाम दुप्पट सांगितलं."

सूप थांबलं. ती माझ्याकडं बघत राहिली. रागावली असती तर बरं, पण ती काहीतरी जुळवून बघत असावी.

"आन आपली खाचरं?" तिनं विचारलं. "सुनावणी व्हती की पुढं."

"तवा ध्यानात आली न्हाईत. तूच दिसत हुतीस नुसती."

पाखडलेला तांदूळ तिनं परातीत ओतला, चुलीपुढून उठली आणि रिकामं पातेलं माझ्याकडं सरकवलं. "मग आज तुमी ठिवा," म्हणाली.

मी पाटावर बसले. आधण ठेवायला घागरीत तांब्या बुडवला, पातेल्यात ओतला, पुन्हा बुडवला. सुंदरा समोर भिंतीला टेकून बसली होती. ती माझ्या हाताकडं बघत होती, आणि दर तांब्याला तिचे ओठ हलत होते. पाणी मोजत होती.